अकरावा नियम

मरोळच्या गावठाणात ह्युबर्ट परेराच्या ओसरीवर दर रविवारी लढाई चालायची. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून ह्युबर्ट घरी आला, अंगातला कोट खुंटीला अडकवला, की तो आणि अनंत कर्णिक आतलं जेवणाचं टेबल दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणत. वर घोंगडी पसरायची, घोंगडीखाली वह्या, पाट, उलट्या वाट्या सरकवून डोंगर उठवायचे, आणि मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून शिपाई काढायचे. शिपाई शिशाचे, जेमतेम दोन बोटं उंच. वेसाव्याच्या मामेभावाकडून जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं आणून, ती वितळवून ह्युबर्टने ते स्वतः ओतलेले. अर्ध्यांच्या टोप्या तांबड्या, अर्ध्यांच्या निळ्या. कोण किती चालला ते मोजायला अनंत ऑफिसातली पट्टी आणायचा. तो नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होता, त्यामुळे पाव इंचासाठीही भांडायचा.

दोघांचीही पस्तिशी उलटली होती. गावठाणातले लोक आधी हसले, मग सवय झाली. ह्युबर्टची आई, सेराफिना, ओसरीच्या कडेला सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची आणि मधूनच विचारायची, "कोण मेला रे आज?" ह्युबर्ट म्हणायचा, "तांबडे सात, निळे चार." "बरं," म्हणून ती परत खडे शोधायला लागायची.

या खेळाचे नियम एका वहीत होते. वही रेमंडची. रेमंड म्हणजे ह्युबर्टचा धाकटा भाऊ. महायुद्धात इटलीला गेला आणि तिथेच राहिला. अनंत फौजेत त्याच्याच कंपनीत होता. रस्ते नि पूल बांधणं आणि सुरुंग काढणं हे त्यांचं काम. थंडीत, पावसात, कुठल्यातरी पडक्या कोठारात दिवसचे दिवस बसून राहावं लागे, तेव्हा रेमंडने हा खेळ काढला. शिपाई म्हणून रिकामी काडतुसं, फासा बैलाच्या हाडाचा, सुरीने कोरलेला. आज एक नियम सुचला की तो वहीत उतरवायचा, उद्या खेळून बघायचा, पटला नाही की खोडायचा. अक्षर गोल, शाळेतल्या पोरासारखं. त्याचं सामान घरी आलं त्यात बूट नव्हते, घड्याळ नव्हतं, पण ही वही होती. आणि सोबत साहेबाचं पत्र होतं: तुमचा मुलगा सुरुंग काढत असताना कामी आला, मरण तात्काळ आलं, त्याला काही यातना झाल्या नाहीत.

अनंत शेहेचाळीस साली सुटून आला. आठवडाभराने मरोळला भेटायला गेला. जायच्या आधी अंधेरी स्टेशनाबाहेर तासभर उभा होता. काय सांगायचं ते मनात जुळवत होता. ओसरीची पायरी चढला तर सेराफिनाने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू त्याच्याबरोबर होतास. बस. आधी खाऊन घे." तिने तळलेले फुगे, मैद्याचे ते गोल पाव, आणि चहा पुढे ठेवला. तो खात असताना ह्युबर्टने वही आणली. "हे काय आहे? आम्हाला काही उमगत नाही. तुला येतं?"

"येतं," अनंत म्हणाला.

जे सांगायला गेला होता ते राहिलं, आणि खेळ शिकवून परतला. पुढच्या रविवारी परत गेला. अशी आठ वर्षं गेली.

वहीतले नियम लावणं हाच निम्मा खेळ होता. रेमंडने घाईत लिहिलेलं, कुठे अर्धंच वाक्य, कुठे बाण. 'कुंपणाआडच्या शिपायाला गोळी निम्मीच लागेल,' असं एका ठिकाणी होतं. निम्मी गोळी म्हणजे काय, यावर तीन रविवार वाद झाला. शेवटी ह्युबर्ट म्हणाला, "फासा दोनदा टाकू. दोन्हीदा लागली तरच मेला. रेमंडला हेच म्हणायचं असणार." अनंतने मान डोलावली. कुठलाही वाद असा मिटायचा: रेमंडला काय म्हणायचं होतं ते ठरवायचं, आणि मग त्याच्यापुढे कोणी जायचं नाही. त्या दोन तासांत रेमंड ओसरीवरच कुठेतरी बसलेला असायचा. सेराफिना म्हणूनच तिथून उठत नसे.

फक्त अकराव्या नियमाशी त्यांचा कधी संबंध आला नाही. रणभूमी मांडायचं काम अनंतचं होतं. तो डोंगर मांडी, नदी मांडी, पूल, गाव, शेतं, सगळं मांडी. अकराव्या नियमाची जमीन त्याने आठ वर्षांत एकदाही मांडली नाही.

चोपन्न साली डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी अनंत आला तर टेबल आधीच बाहेर होतं. घोंगडीऐवजी भलीमोठी फळी, तिच्यावर गोणपाट चिकटवलेलं. गोणपाटावर हिरव्या-काळ्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा खळीने बसवला होता. मधोमध एक कौलारू घर, काड्यांचं झाड, आणि घराभोवती वीतभर रुंदीचा चिखलाचा पट्टा. चिखलात मोहरीचे दाणे पेरले होते.

"महिना लागला," ह्युबर्ट म्हणाला. त्याच्या नखांत अजून हिरवा रंग होता. "रेमंडला जाऊन या आठवड्यात दहा वर्षं होतात. सकाळी त्याच्या नावाची मिस्सा दिली. म्हटलं, त्याचा अकरावा नियम आपण कधी खेळलोच नाही. आज खेळू या."

"मोहरी कशाला?"

"सुरुंग आहेत ते."

अनंत खुर्चीवर बसला. बरं वाटत नाही म्हणून उठून जाता आलं असतं. सेराफिना सूप खाली ठेवून जवळ आली होती आणि ते कौलारू घर न्याहाळत होती. तो उठला नाही.

ह्युबर्टने वही उघडून मोठ्याने वाचलं. "नियम अकरा. धोक्याची जमीन. दलदल, सुरुंग, पुराचं पाणी ही धोक्याची जमीन समजावी. तिच्यात हलणाऱ्या दर शिपायामागे एक फासा टाकावा. एक पडला तर शिपाई गेला. जो जागीच उभा राहील त्याला फासा नाही. एकजण सुखरूप गेला त्या वाटेने मागून जाणाऱ्याला फासा नाही."

अर्धा तास खेळ नीट चालला. हलणारा म्हणजे कोण, जागच्या जागी तोंड फिरवलं तर हलला म्हणायचं का, असले वाद निघाले आणि मिटलेही. मग ह्युबर्टने एक निळा शिपाई घराकडे चिखलात घातला. फासा पडला चार. शिपाई सुखरूप पोचला. त्याच्यामागे ह्युबर्टने दुसरा उचलला.

"फासा टाक," अनंत म्हणाला.

"याला कशाला? हा पहिल्याच्याच वाटेने चाललाय."

"तरी टाक."

"अरे, लिहिलंय की स्पष्ट. मागून जाणाऱ्याला फासा नाही. यात अर्थ लावायला जागाच नाही."

"तो नियम चुकीचा आहे."

ह्युबर्ट हसला. "रेमंडचा नियम चुकीचा? मग तुझा कुठला बरोबर?"

"खोड तो, ह्युबर्ट."

"दहा वर्षांनी त्याच्या वहीत मी रेघ मारू? कशासाठी? का चुकीचा, ते तर सांग."

अनंतने निळा शिपाई ह्युबर्टच्या हातातून काढून घेतला. शिपाई त्याने फळीच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर ठेवला.

"कारण तो असाच गेला," तो म्हणाला. "तो सुरुंग काढत नव्हता. माझ्या पावलांवर पाऊल ठेवून येत होता."

ह्युबर्ट उभा होता तो खाली बसला.

अनंतने सांगितलं. एका नदीकाठी त्यांची तुकडी होती. साफ केलेल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावलेली; फितीपलीकडे जायचं नाही असा हुकूम. फितीपलीकडे शेत, शेतात एक रिकामं घर, घराच्या खिडक्यांना लाकडी झडपा. रात्रभर अंगावरचे कपडे ओले होते. त्या झडपा जाळायला मिळतील म्हणून अनंत फीत ओलांडून गेला. अर्ध्या वाटेत त्याला पायापाशी सुरुंगाची तार दिसली. मग त्याचे पाय उचलेनात. त्याने हाक मारली. रेमंड फितीपाशी आला आणि हसायला लागला.

"म्हणाला, उभा राहा, उभ्याला फासा नाही. मी येतो तुझ्याच पावलांवरून, मलाही फासा नाही. चिखलात माझे ठसे स्पष्ट उमटले होते. तो मोजत येत होता. नववं पाऊल ठेवलं नि..." अनंत थांबला. "तो माझ्यापेक्षा अंगाने भारी होता. मी हलका म्हणून सुरुंग माझ्याखाली उडाला नव्हता."

"झडपा," ह्युबर्ट म्हणाला.

"हो."

"शेकोटीसाठी."

"हो."

"आणि साहेबाचं पत्र?"

"साहेबाने चांगुलपणाने लिहिलं. मला म्हणाला, घरच्यांना हे कळून काय उपयोग."

ह्युबर्टने त्या भुशाच्या चिखलाकडे पाहिलं. महिनाभर खपून त्याने नेमकं तेच शेत केलं होतं, न बघता. मग शांतपणे म्हणाला, "आठ वर्षं तू इथे येतोस. माझ्या आईच्या हातचं खातोस."

अनंत खुर्चीवरून उठला.

"जा तू आता," ह्युबर्ट म्हणाला.

अनंतने पट्टी उचलली. सेराफिना भिंतीला टेकून उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. अंधेरीपर्यंत तो चालतच आला. वाटेत दोन बसगाड्या गेल्या, त्याने हात केला नाही.

बायकोला, सुलक्षणाला, त्याने इतकंच सांगितलं की आता रविवारी मरोळला जाणार नाही. भांडण झालं असेल, मिटेल, असं तिला वाटलं.

त्या आठवड्यात गुरुवारी तो लवकर घरी आला होता. दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. सुलक्षणाने उघडलं तर दारात लाल लुगडं नेसलेली, गळ्यात क्रूस असलेली म्हातारी उभी. सेराफिना या घरी कधीच आली नव्हती. पत्ता विचारत, बाजारातून चालत आली होती. सुलक्षणाने तिला खुर्ची दिली. ती खाली चटईवर बसली.

"ह्युबर्टला सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "एकच विचारायला आले. खरं सांग, अनंता. पत्रात होतं, लगेच गेला. लगेच गेला का तो?"

हा प्रश्न ह्युबर्टने विचारला नव्हता. रविवारी रात्रभर अनंत त्याबद्दल देवाचे आभार मानत होता आणि स्वतःला शिव्या घालत होता. आता तो समोर बसला. सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिला आत जा म्हणावंसं त्याला वाटलं, पण म्हणवलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"साधारण तासभर. सुरुंग काढणारे येऊन वाट करीपर्यंत तासाहून जास्त लागला. ते आले तेव्हा तो गेला होता."

"तू कुठे होतास?"

"तिथेच. जागेवर उभा होतो."

"किती लांब?"

त्याने चटईवरून दारापर्यंत पाहिलं. "त्या दारापलीकडे, जिन्यापर्यंत. एवढंच."

सेराफिनानेही वळून जिन्याकडे पाहिलं. "काय बोलला तो?"

"आधी तुम्हाला हाक मारली. मग ह्युबर्टला. मग कितीतरी वेळ विहिरीबद्दल बोलत होता, तुमच्या परसातल्या. मला वाटतं तो भ्रमात होता. मग पाणी मागितलं."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे. नावाने."

"तुझ्याकडे होतं पाणी?"

अनंतला वाटलं, दहा वर्षं तो ज्या शब्दापासून पळत होता तो हाच. नकाशे काढताना, सुलक्षणाशी बोलताना, ओसरीवर फासे टाकताना, तो शब्द कायम त्याच्या जिभेखाली होता. साधा, लहानसा शब्द.

"होतं," तो म्हणाला. "कमरेला बाटली होती. भरलेली."

सुलक्षणाने दाराची चौकट धरली.

"मी फेकायला हवी होती," अनंत म्हणाला. "फेकून पाहायला हवी होती. पण ती जमिनीवर पडली असती तर, असं वाटलं. हातच उचलला नाही. मी त्याला म्हटलं, लोक येतायत, येतायत. तो म्हणाला, बरं. मग परत मागितलं. मग नाही मागितलं."

सेराफिना रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं, जमिनीवर हात टेकून उठली, आणि चपला घालून जिना उतरून गेली. सुलक्षणा तिच्या मागे दोन पायऱ्या गेली आणि परत आली. त्या संध्याकाळी तिने त्याला वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

अनंतला वाटलं, ही म्हातारी आता परत दिसायची नाही. पण नाताळ होऊन गेल्यावर, जानेवारीत, ती पुन्हा आली. पुन्हा चटईवर बसली. "विहिरीबद्दल काय बोलला होता?" तिने विचारलं. त्याने आठवून सांगितलं: रहाटाची दोरी बदलायला हवी, असं काहीतरी. ती म्हणाली, "ती दोरी तो लढाईला गेल्यावर ह्युबर्टच्या बापाने बदलली होती. त्याला माहीत नव्हतं." एवढं बोलून गेली.

मग ती महिन्यातून एकदा यायची. बाजारहाट करून पिशवी दाराशी ठेवायची. नेहमी त्याच तासाबद्दल विचारायची. आवाज कसा होता, मोठा का बारीक. थंडी वाजते म्हणाला का. प्रार्थना म्हणत होता का. जे आठवायचं ते अनंत सांगायचा. आठवत नसेल तर नाही आठवत म्हणायचा. एकदा तिला बरं वाटावं म्हणून तो खोटंच म्हणाला की रेमंड शेवटी प्रार्थना पुटपुटत होता. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "तसलं पत्र मला एक आलंय," ती म्हणाली. त्यानंतर त्याने पुन्हा तसं केलं नाही.

तिने त्याला माफ केलं नव्हतं. ती कधी त्याच्या घरचा चहा प्यायली नाही, आणि सुलक्षणाने आणलेल्या पाण्यालाही हात लावला नाही. पण तिच्या मुलाचा शेवटचा तास जगात एकाच माणसाजवळ होता, आणि तो घ्यायचा तर इथेच यावं लागत होतं. इथे येऊन काय बोलते ते ह्युबर्टला तिने सांगितलं नव्हतं. पाण्याचं तर मुळीच नाही. "त्याला एवढंच पुरे आहे," ती म्हणाली होती.

छप्पन्नच्या डिसेंबरात ती शेवटची आली. जिना चढताना दोनदा थांबली होती. चटईवर बसली आणि म्हणाली, "तू त्याच्याकडे गेला असतास तर तो वाचला असता?"

"नाही," अनंत म्हणाला. "पाय गेले होते. रक्त फार गेलं होतं. वाचला नसता."

"तू मात्र मेला असतास."

"कदाचित."

"म्हणजे तू उभा राहिलास ते बरोबरच केलंस." ती हे कडवटपणे बोलली नाही. एखादा हिशोब ताळ्यावर येतो का ते बघावं तशी बोलली. अनंतने नकारार्थी मान हलवली.

"पाणी प्यायला असता तो," तो म्हणाला.

"हो," सेराफिना म्हणाली. "पाणी प्यायला असता."

सत्तावन्नच्या मार्चमध्ये ती गेल्याचं अनंतला मरोळहून ऑफिसात येणाऱ्या एका शिपायाकडून कळलं. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. देवळात शिरला नाही; दफनभूमीच्या भिंतीपाशी बायकांच्या मागे उभा राहिला. ह्युबर्ट खड्ड्याच्या डोक्याशी होता. केस पांढरे झाले होते त्याचे. सव्वादोन वर्षांत अनंतने त्याला पाहिलं नव्हतं. पाद्रींची प्रार्थना म्हणून झाली, पेटी खाली सोडली, आणि एकेकजण पुढे होऊन मूठभर माती टाकायला लागला. अनंतही रांगेच्या शेवटाला लागला. वाकून त्याने माती उचलली.

तो पुढे आला तेव्हा ह्युबर्टने मान वर केली. त्याने अनंतकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता; राग असता तर अनंतला पुढे जाता आलं असतं.

"नको," ह्युबर्ट हळूच म्हणाला. बाकी कोणाला ऐकू गेलं नसेल.

अनंत बाजूला झाला. माती त्याने भिंतीकडेला सोडली आणि हात पुसले.

घरी आला तेव्हा सुलक्षणा वाट बघत होती. "ह्युबर्ट भेटला?" तिने विचारलं. "काही बोलला?"

"बोलला."

"काय?"

"नको म्हणाला."

ती आणखी काही विचारेल म्हणून तो थोडा वेळ उभा राहिला. तिने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली, आणि तो हातपाय धुवायला मोरीत गेला.